गच्चीवरचा डबा आणि खैरातचे लॅपटॉप

आमच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर एक राखाडी डबा आहे. आकार आपल्याकडच्या चार पुडांच्या जेवणाच्या डब्याएवढा आणि रचनाही तशीच: आत तळहाताएवढ्या सर्किटच्या पाट्या एकावर एक बसवलेल्या. या पद्धतीला पीसी/१०४ म्हणतात. सर्वांत खालच्या पुडात प्रोसेसर, त्याच्या वरच्या पुडात सेन्सरकडून येणारं व्होल्टेज वाचणारं कार्ड. शेजारच्या नळीतून हवा आत ओढली जाते, तिच्यात धूळ किती आहे ते दर मिनिटाला मोजलं जातं आणि डबा तो आकडा लिहून ठेवतो. २०११ पासून हे जवळजवळ अखंड चालू आहे. वायव्येकडून शमाल वारा सुटला की दोह्याचं आकाश पिठूळ होतं, समोरची इमारत दिसेनाशी होते. तेव्हाही डबा लिहीतच असतो.

मी इथे पोस्टडॉक म्हणून आले तेव्हा हा डबा वारशात मिळाला. ज्यांनी तो बसवला ते केव्हाच दुसऱ्या देशात गेले, धूळ मोजणारं यंत्र बनवणारी कंपनी बंद पडली. नवं यंत्र घ्यायचं ठरलेलं आहे, पण नवं आलं म्हणून जुनं त्याच दिवशी उतरवता येत नाही. दोन्ही निदान वर्षभर शेजारी शेजारी चालावी लागतात. तसं केलं नाही तर चौदा वर्षांची मालिका आणि पुढची मालिका यांच्यात सांधा बसत नाही. मग आकडा वाढला तर धूळ वाढली की यंत्र बदललं, हे कुणालाच सांगता येणार नाही. थोडक्यात, डबा अजून एक उन्हाळा आणि एक हिवाळा जगायला हवा होता.

आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पत्र आलं. नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिमची चालू किंवा फार तर तिच्या आधीची आवृत्ती हवी. नाहीतर अमुक तारखेला जोडणी काढली जाईल. डब्यात डेबियन लिनक्सची ११ वी आवृत्ती होती. ९ ऑगस्टला डेबियन १३ आली आणि ११ एका पायरीनं मागे पडली. नियमात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. दुरुस्त्या न मिळणारं मशीन जाळ्यात ठेवणं धोक्याचंच. मला वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे. कार्डाची नक्कल केली, नकलेवर ११ ची १२ केली, मशीन पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर कर्नलच्या ओळी सरसर वर गेल्या. प्रोसेसर ओळखला, मेमरी मोजली, डिस्क सापडली. मग सगळं थांबलं. शेवटच्या ओळीचा अर्थ असा होता की पहिलाच प्रोग्राम मेला, त्यामुळे पुढे जाता येत नाही. त्यासोबत एक सांकेतिक आकडा, शेवटी ४. युनिक्सच्या जगात चार नंबरचा सिग्नल म्हणजे 'अवैध आज्ञा': प्रोसेसरला असं काही करायला सांगितलं गेलं, जे त्याला येतच नाही.

ती आज्ञा कोणती हे शोधायला दोन रात्री गेल्या. सापडली तेव्हा हसावं की रडावं कळेना. ती काहीही न करण्याची आज्ञा होती.

हे जरा उलगडून सांगायला हवं. प्रोसेसरच्या भाषेत 'नॉप' नावाची आज्ञा असते. तिचा अर्थ: काही करू नकोस, पुढे जा. मग ती कशाला हवी? तर जागा धरायला. प्रोसेसर मेमरीतून आज्ञा ठरावीक लांबीच्या घासांनी उचलतो. वारंवार फिरणारा कोडचा तुकडा अशा घासाच्या सुरुवातीलाच आला तर काम वेगानं होतं. म्हणून कंपायलर आणि त्याच्यामागचा असेंबलर मधली उरलेली जागा नॉपनी भरतात. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसा हा रुमाल. स्वतः बसत नाही, जागा अडवतो. मूळचा नॉप एका बाइटचा. सात बाइट अडवायचे तर सात रुमाल टाकायचे आणि प्रोसेसरनं ते सातही उचलून बाजूला ठेवायचे. इंटेलनं १९९५ च्या पेंटियम प्रोपासून एक लांब रुमाल आणला, एकाच आज्ञेत अनेक बाइट अडवणारा. गंमत म्हणजे कित्येक वर्षं इंटेलनं तो आपल्या अधिकृत पुस्तकांत छापलाच नाही. प्रोसेसरला तो कळत होता, पण कागदावर नव्हता.

पेंटियम प्रोच्या पिढीला लिनक्सच्या जगात आय-६८६ म्हणतात. आणि इतर कंपन्यांनी आय-६८६ च्या तोडीचे प्रोसेसर बनवले ते छापील पुस्तकं बघून. त्यांच्याकडे हा लांब रुमाल कुठून येणार?

डब्यातला प्रोसेसर अशांपैकीच: एएमडीचा जिओड एलएक्स, ५०० मेगाहर्ट्झचा. त्याची वंशावळ मजेशीर आहे. १९८८ मध्ये टेक्ससमधल्या रिचर्डसनला सायरिक्स नावाची कंपनी निघाली. नव्वदीत ज्यांच्या घरी असेम्बल केलेला पीसी आला त्यांना हे नाव आठवेल. माझ्या मामेभावाचा पीसी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला होता आणि त्यावर 'इंटेल इनसाइड'चा स्टिकर नव्हता, याचं त्याला कोण दुःख. इंटेलपेक्षा स्वस्त, पण कामाला येणारा, ही सायरिक्सची जागा. त्यांनी एका प्रोसेसरला चक्क '६x८६' असं नाव दिलं. नाव सहाव्या पिढीचं, पण त्याला पाचव्या पिढीच्या काही आज्ञाही येत नव्हत्या आणि बऱ्याच मदरबोर्डांवर स्वतःची ओळख सांगण्याची त्याची सोयच बंद ठेवलेली असे, त्यामुळे सॉफ्टवेअर त्याला ४८६ समजून चाले. सहावी पिढी कुणाला म्हणायचं हा घोळ तेव्हापासूनचा.

१९९७ मध्ये सायरिक्सनं मीडियाजीएक्स काढला. चित्र, आवाज, मेमरीची व्यवस्था सगळं प्रोसेसरमध्येच कोंबलेलं. कॉम्पॅकनं त्यावर हजार डॉलरच्या आतला पीसी विकला. त्याच वर्षी नॅशनल सेमीकंडक्टरनं सायरिक्स विकत घेतली. दोन वर्षांत पीसीचा धंदा व्हियाला विकून टाकला, पण मीडियाजीएक्सची शाखा स्वतःकडे ठेवली आणि तिचं नाव जिओड केलं. २००३ मध्ये ती शाखा एएमडीकडे गेली आणि २००५ मध्ये जिओड एलएक्स बाजारात आला. वेगात तो पहिल्या दिवसापासून मागेच होता. त्याचा गुण वेगळा: तो इतकी कमी वीज खातो की पंखा लागत नाही. धुळीच्या देशात, गच्चीवर, ४५ अंशांत पंख्याचं काय होईल ते सांगायला नको. २०११ मध्ये डबा जमवणाऱ्यानं म्हणूनच तो निवडला असणार.

त्याच गुणासाठी आणखी एकांनी तो निवडला होता आणि इथे गोष्ट कतारमधून थेट रायगड जिल्ह्यात येते.

२००५ च्या जानेवारीत एमआयटीच्या मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपॉन्टी यांनी दावोसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. जगातल्या गरीब मुलांपैकी प्रत्येकाला एक, आणि तो मुलाच्या मालकीचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसला कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत नमुना दाखवला गेला. हिरवा, बाजूला वीज तयार करायचा दांडा असलेला. तो दांडा तिथेच निखळल्याची गोष्ट पुढे बरीच चघळली गेली. प्रत्यक्षात आलेल्या लॅपटॉपला, म्हणजे एक्सओला, दांडा नव्हता आणि किंमत शंभर नव्हे, दोनशे डॉलरच्या घरात होती. आत जिओड एलएक्स, ४३३ मेगाहर्ट्झ. २५६ एमबी मेमरी, १ जीबी साठवण. पडदा मात्र आजही हेवा वाटावा असा, भर उन्हात वाचता येणारा. चालायचं त्यावर लिनक्सच, फेडोरापासून केलेलं, आणि वर मुलांसाठी शुगर नावाची मांडणी.

भारत सरकारनं २००६ मध्ये या योजनेला नकार दिला. शिक्षण खात्याचं म्हणणं साधं होतं: आधी वर्ग आणि शिक्षक हवेत, आणि लहान मुलाच्या हाती लॅपटॉप दिल्यानं शिक्षण सुधारतं याला आधार काय? या म्हणण्यात तथ्य होतं. पुढे २०१२ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेनं पेरूमधल्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात गणित आणि भाषेच्या चाचण्यांत एक्सओमुळे फरक पडलेला दिसला नाही. तरी सरकारच्या नकारानंतर वर्षभरानं, २००७ च्या पावसाळ्याअखेरीस, भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला तो महाराष्ट्रातच: रायगड जिल्ह्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत. एक खोली, एक गुरुजी आणि पहिली ते चौथीची सगळी मुलं एकत्र. त्यांच्या हाती हिरवे लॅपटॉप आले आणि देशी-परदेशी पत्रकारांची रीघ लागली.

माझी आत्या तेव्हा त्याच जिल्ह्यात, पण दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेवर होती. तिच्या शाळेतही एका योजनेतून आलेला संगणक होता. तो कापडाखाली झाकलेला आणि खोलीला कुलूप, कारण बिघडला तर जबाबदारी कुणाची? खैरातची बातमी पेपरात वाचून ती म्हणाली होती, "आमच्याकडे मुलांनी हात लावू नये म्हणून कुलूप आणि तिथे म्हणे मुलं घरी घेऊन जातात!" तिच्या आवाजात टीका होती की हेवा, हे मला तेव्हा कळलं नाही. मी सतरा वर्षांची होते, बारावीचं वर्ष होतं.

या लॅपटॉपचं पुढे काय झालं ते थोडक्यात. जगभरात वीस लाखांहून अधिक वाटले गेले, सर्वांत जास्त पेरूमध्ये. उरुग्वेनं २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला दिले. भारतात मात्र प्रयोग फार पसरला नाही. एएमडीनंही २००९ मध्ये सांगून टाकलं की जिओडची पुढची पिढी निघणार नाही.

पण माझ्या डब्याच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट २००९ मध्येच वेगळ्या ठिकाणी घडली. फेडोराच्या १२ व्या आवृत्तीनं ठरवलं की आता किमान पातळी आय-६८६. त्याखालचे प्रोसेसर सोडून द्यायचे. जिओड त्यात बसेल असं धरलं होतं, कारण पुस्तकातल्या आय-६८६ च्या बाकी आज्ञा त्याला येतात. मग तो लांब रुमाल आडवा आला. आता एक्सओ फेडोरावर चालायचा, म्हणजे प्रोग्रामरांच्या डोळ्यासमोर जगभरातली ती लाखो हिरवी यंत्रं होती. तेव्हा 'आय-६८६ म्हटलं म्हणजे लांब नॉप आलाच असं धरू नका' अशी वेगळी नोंद असेंबलरमध्ये करण्यात आली. कर्नलनंच ती आज्ञा ओळखून गुपचूप गिळून टाकावी, अशी दुरुस्तीही लोकांनी एकाहून अधिक वेळा पाठवली, पण तिला मुख्य कर्नलमध्ये जागा मिळाली नाही. ज्याला ती लागते त्यानं स्वतः जोडून घ्यावी.

या नोंदीच्या आधारावर जिओड पुढची तेरा-चौदा वर्षं 'जवळजवळ आय-६८६' म्हणून तगून राहिला. डेबियननंही त्याला सांभाळलं. २०१७ च्या ९ व्या आवृत्तीत पेंटियमची पिढी गेली, जिओड राहिला. २०२१ च्या ११ व्या आवृत्तीतही राहिला. २०२३ च्या जूनमध्ये १२ वी आली, तेव्हा लिहून टाकलं गेलं की आता लांब नॉप येणं सक्तीचं, ज्यांना येत नाही त्यांनी ११ वरच थांबावं. मधल्या काळात त्या न छापलेल्या आज्ञांच्या कुटुंबाला भाव आला होता. जुन्या प्रोसेसरनं ज्यांच्याकडे दुर्लक्ष करावं असे हे आकडे, म्हणून इंटेलनं नव्या प्रोसेसरांमधल्या सुरक्षेच्या खुणा त्यांच्यातच बसवल्या. सीटवरच्या रुमालाला आता नाव-गाव लिहिलेलं असू शकतं.

मला राग यायला हवा होता का? दोन दिवस आला. मग जुने निर्णय वाचत गेले आणि तो ओसरला.

लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते स्वतःच्या ३८६ वर, खरं तर त्या ३८६ ची ओळख करून घेण्यासाठी. आणि त्याच ३८६ चा सपोर्ट २०१२ च्या डिसेंबरात काढला गेला. २०१३ च्या फेब्रुवारीतली ३.८ ही त्याच्याविना आलेली पहिली आवृत्ती. काढणारे इंगो मोल्नार यांनी नोंदीत थट्टेनं लिहिलं होतं की याची एक हळवी किंमत आहे, लिनसचं १९९१ चं मशीन आता नव्या कर्नलवर सुरू होणार नाही. लिनसनं आपण हळवे नसल्याचं कळवून ते घेतलं. कारण खरं होतं. ३८६ मध्ये एक उणीव होती: फक्त वाचण्यासाठी राखलेल्या पानावर कर्नलनं चुकून लिहिलं तर प्रोसेसर त्याला अडवत नसे. ती तपासणी कर्नललाच करावी लागे आणि तिच्यासाठी लिहिलेलं कोड इतर सगळ्या प्रोसेसरांसाठी चालणाऱ्या कामाच्या मधेमधे येई. चारशेहून अधिक ओळी गेल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनीच ४८६ काढण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात जाणाऱ्या ओळी सुमारे चौदा हजार.

म्हणजे सपोर्ट ही कुणाच्या तरी संध्याकाळची किंमत आहे. बहुतेक वेळा पगार न घेता काम करणाऱ्याच्या संध्याकाळची. नवा बदल जुन्या प्रोसेसरवर चालतो का हे बघायला त्याच्याकडे तो प्रोसेसर असायला लागतो, नसेल तर तो बदल कुठेतरी मोडतो आणि ते कुणाला कळतही नाही. लाखो मुलांच्या हाती एक्सओ होते तोवर जिओड मोडला की कुणीतरी ओरडत होतं. ती यंत्रं कपाटांत गेली आणि ओरडणं थांबलं. माझ्या डब्यासारखे किती डबे जगभर गच्च्यांवर, बोगद्यांत, कारखान्यांत बसले असतील? पण ते मुके आहेत. चालू असताना कुणाला कळवत नाहीत की आम्ही चालू आहोत. मीही कधी कळवलं नव्हतं. डेबियनकडे कोणती पॅकेजेस वापरात आहेत ते मोजण्याची ऐच्छिक सोय आहे. डब्यावर ती बंद होती, आणि बंद राहू दिली होती ती मीच.

तर एक फरक आत्तापर्यंत मी मोघम ठेवला, तो आता सांगते, कारण सुटका त्यातच होती. कर्नल वेगळं आणि डिस्ट्रो वेगळी. लिनक्सचं कर्नल आजही जिओड एलएक्स ओळखतं. ते तयार करताना प्रोसेसरच्या यादीत त्याचं नाव निवडता येतं. म्हणूनच माझ्या पडद्यावर कर्नलच्या ओळी नीट गेल्या. मेला तो कर्नलनं उठवलेला पहिला प्रोग्राम. तो डेबियननं आधीच तयार करून दिलेला होता, लांब रुमाल गृहीत धरून. दुकानातून शिवलेला सदरा घेतला तर मापात न बसणाऱ्यानं काय करायचं? कापड आणून शिवायचा. जीसीसी या कंपायलरमध्ये जिओडसाठी स्वतंत्र पर्याय अजून आहे. बिल्डरूट नावाचं साधन आहे, ते यादीप्रमाणे सगळं मुळापासून तयार करून एक छोटी सिस्टिम हाती देतं. त्याच्या यादीतही जिओड आहे. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लिनक्स तर जिओडसाठी तयार आवृत्ती देतं, पण मला धुळीचं कार्ड वाचायचं होतं, म्हणून बिल्डरूट.

लॅपटॉपवर पहिल्यांदा दोन तासांहून जास्त वेळ लागला. कर्नल ६.१२ निवडलं, कारण त्याला काही वर्षं दुरुस्त्या मिळत राहणार आहेत. सी लायब्ररी मसल निवडली. ती लहान आहे, आणि ३२ बिटच्या मशीनवरही तारीख ६४ बिटांत ठेवते. जुन्या पद्धतीनं ३२ बिटांत सेकंद मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला उलटतात. डबा तोवर जगणार नाही हे मला माहीत आहे, पण चुकीचं घड्याळ मुद्दाम कशाला बसवायचं?

कार्ड वाचण्यासाठी कॉमेडी नावाचा ड्रायव्हरांचा संच आहे (नावावर जाऊ नका). प्रयोगशाळांतल्या असल्या जुन्या कार्डांचे ड्रायव्हर तिथे जपलेले आहेत. २०२१ मध्ये त्याला कर्नलच्या उमेदवारी विभागातून बढती मिळून पक्की जागा मिळाली. तरी कार्ड सापडेना. आजकालची कार्डं स्वतः हात वर करून 'मी इथे आहे' सांगतात. पीसी/१०४ च्या जमान्यातलं कार्ड सांगत नाही. त्याचा पत्ता आपल्याला माहीत असावा लागतो. पत्ता पाटीवरच्या चिमुकल्या जम्परांनी ठरवलेला असतो. ते बघायला डबा उघडावा लागणार होता.

इथे १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करायला बंदी असते. आमच्याकडे गच्चीलाही तोच नियम. आमचा केरळी तंत्रज्ञ आणि मी सकाळी सहाला वर गेलो. तेव्हाही लोखंडी शिडी हाताला गरम लागत होती. स्क्रू काढून झाकण उलटं केलं, तर आतल्या बाजूला पेन्सिलीनं कुणीतरी लिहून ठेवलं होतं: ३००. शेजारी तारीख, २०११ ची. बसवणाऱ्यानं जम्परांचा पत्ता पुढच्या माणसासाठी लिहून ठेवला होता. त्या माणसाचं माझ्याशी काही बोलणं झालेलं नाही, एक ईमेलसुद्धा नाही.

डब्यात हार्ड डिस्क नाही, कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आहे, जुन्या कॅमेऱ्यात असायचं तसं. नक्कल करण्याच्या नादात मी सुटं कार्ड खराब केलं होतं, आणि असली कार्डं मॉलमध्ये मिळत नाहीत. ते मिळालं नजमाजवळच्या सूक हराजमध्ये, जुन्या सामानाच्या बाजारात, एका जुन्या कॅमेऱ्यासकट. दुकानदार कार्ड सुटं द्यायला तयार नव्हता. हराज म्हणजे अरबीत लिलाव. आपल्याकडे कोर्टाच्या नोटिशीत 'हर्रास' असतो तो हाच शब्द. लहानपणी आजोबांच्या तोंडी तो नेहमी कुणाच्या तरी शेतजमिनीबद्दल ऐकलेला. इथे त्याच शब्दाखाली सोफे, शिलाई मशीन, सोडून गेलेल्या लोकांचे टीव्ही. देश सोडताना इथे सगळेच घाईत असतात, आणि मागे राहिलेलं सामान या बाजारात येतं.

नव्या सिस्टिमवर कार्ड वाचायला लागलं, पण माझी खरी परीक्षा पुढे होती. कार्डाला ओळखीचं, स्थिर व्होल्टेज द्यायचं, आधी जुन्या सिस्टिमवर आकडे घ्यायचे, मग नव्या. वीस पायऱ्या, प्रत्येक पायरीवर शंभर वाचनं. ड्रायव्हरनं एखादी बिट इकडची तिकडे केली असती तर मालिकेत एक पायरी पडली असती, आणि कुणीतरी पुढे शोधनिबंधात लिहिलं असतं की २०२५ च्या सप्टेंबरात कतारची धूळ अचानक कमी झाली. दोन्हींची सरासरी शेवटच्या अंकापर्यंत जुळली. मालिकेत तीन तास वीस मिनिटांची फट पडली आहे, तिची नोंद केली आहे. झाकणाच्या आत, ३०० च्या खाली, मीही पेन्सिलीनं तारीख आणि कर्नलचा आकडा लिहिला.

मग फॉर्म भरायचा होता. 'ऑपरेटिंग सिस्टिम' या रकान्यात निवडण्यासाठी यादी होती, आणि माझ्या सिस्टिमला नावच नाही. मी 'इतर' निवडलं आणि शेजारी दीड पान लिहिलं: काय काय आहे, दुरुस्त्या कुठून येतील, कोण लावेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून स्वतःचं नाव लिहिताना हात जरा थांबला. आता महिन्यातली एक संध्याकाळ माझी. २०२६ अखेरपर्यंत परवानगी मिळाली. नवं यंत्र जानेवारीत बसेल.

आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. ती आता निवृत्त होऊन पनवेलला असते. नॉपचं तिला फार कौतुक वाटलं. म्हणाली, "काही न करणारे खात्यातही पुष्कळ होते, पण त्यांच्यावाचून कुणाचं अडलेलं पाहिलं नाही." मग खैरातची आठवण निघाली. तिसरीतलं मूल आता पंचविशी ओलांडून गेलं असणार.

"त्यांच्या त्या हिरव्या लॅपटॉपवर चालेल का गं तुझं हे?"

"प्रोसेसर तोच आहे. थोडं वेगळं करावं लागेल, पण चालेल."

"कुणाकडे असेल अजून?"

मला कुठून माहीत असणार. ती म्हणाली, त्या बाजूला तिच्या बरोबरीच्या एक बाई होत्या, नंबर शोधून विचारते.